प्रिय (येथे लाडके नाव लिहावे)

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (संगणकासमोर बसून बसून मान अवघडली आहे, त्यामुळे तूर्त सातच अंगांचा स्वीकार. आठवं अंग मान सुटली की पाठवते.)

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तू ‘अगदी उत्तम’ म्हणालीस, पण चौतीस वर्षं वॉर्डात ‘काही दुखणार नाही हं’ असं सांगून सुया टोचलेल्या बाईच्या ‘उत्तम’वर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्नच आहे. औषधं वेळेवर घेत जा. मेट्रनबाई दुसऱ्यांना जेवढ्या दरडावतात तेवढ्या स्वतःला दरडावत नाहीत, असं आई म्हणते. आई बरी आहे. तिच्या शिवणाच्या मशीनचा आवाज वाढलाय, पण तो आईच्या आवाजापेक्षा अजून कमीच आहे. बाबांची तब्येत ठीक. मनःस्थितीबद्दल सविस्तर लिहिते, कारण पत्र त्याबद्दलच आहे.

तुला कल्पना आहेच की कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं आहे आणि येत्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अर्ज दिला नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. तुला हेही ठाऊक आहे की मला तो अर्ज द्यायचा की नाही, हे अजून ठरत नाहीये. म्हणजे सकाळी ठरतं, दुपारी मोडतं. आत्या, मी काही उनाडक्या करत नाही गं. मी उद्योजिका आहे. (हसू नकोस. आई हसली तेव्हा तिच्या तोंडातली टाचणी खाली पडली, आणि ती नंतर माझ्या टाचेलाच सापडली.) आधीचे एकदोन उद्योग फसले, हे कबूल. ‘छत्री सोबती’ हे माझं पहिलं संकेतस्थळ. एकाच दिशेला जाणाऱ्या दोन माणसांनी एक छत्री वापरावी, अशी उदात्त कल्पना. पण पाऊस नसताना त्यावर कुणी यायचं नाही, आणि पाऊस आला की फोन भिजेल म्हणून कुणी तो बाहेर काढायचा नाही. दुसरं संकेतस्थळ सकाळी टोमणे मारून उठवण्याचं. ते झकास चाललं होतं, पण एके दिवशी त्याने एका पोलीस निरीक्षकांना ‘ऊठ रे कुंभकर्णा, पगार कसला घेतोस’ असं ऐकवलं आणि मीच ते बंद केलं. शहाण्याने पोलिसांची पायरी चढू नये, आणि पोलिसांना आपली तर मुळीच चढू देऊ नये.

पण तिसरं चाललं! सात महिने झाले, अजून चालतंय. त्याचं नाव ‘पत्र लिहून मिळेल’. (हे फक्त आईला ठाऊक आहे. बाबांना नुसती संगणकासमोर बसलेली मी दिसते.) लोकांना एकमेकांशी बोलायचं असतं आणि बोलता येत नाही. मग ते माझ्या संकेतस्थळावर येऊन एक छोटा तक्ता भरतात: पत्र कुणाला, काय म्हणायचं आहे, काय अजिबात म्हणायचं नाही, एखादी आठवण, आणि शेवटी समोरच्याने किती रडावं. (पर्याय तीन: थोडं, बेताचं, पुरेपूर.) मी पत्र लिहून पाठवते, आणि त्यांनी ते आपल्या हाताने कागदावर उतरवायचं. लोक खरी नावं देत नाहीत, म्हणून जिथे नाव हवं तिथे मी कंसात सूचना घालते. आत्तापर्यंत तीनशेहून जास्त पत्रं लिहिली. माझ्या पत्रांनी दोन भाऊ बोलायला लागले, एका न्हाव्याचं लग्न जमलं, आणि एका बाईने भाडेकरूला घर सोडायला सांगितलं तर तो इतका गहिवरला की जायलाच तयार नाही. आता मला सांग, हे सगळं सोडून तीन वर्षं बाकावर बसून ‘पत्रलेखनाचे प्रकार’ शिकायचे का? पण मग पहाटे जाग येते आणि वाटतं, आपल्याला अठरा वर्षांत जेवढं सुचलं ते तीनशे पत्रांत संपत आलंय. परवा एका सासूला आणि एका बॅडमिंटनच्या जोडीदाराला मी एकच वाक्य पाठवलं.

तर तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास, ‘चिंताग्रस्त’ या नावाने एक मागणी आली. पत्र कुणाला: ‘सदर पाल्य’. काय म्हणायचं आहे: ‘सदर पाल्य हुशार असून दिवसभर संगणकावर वेळ दवडते. कॉलेजात जाणेबाबत समज द्यावी.’ काय अजिबात म्हणायचं नाही: ‘मी घाबरलो आहे, हे.’ आठवण: ‘निरंक.’ रडण्याच्या रकान्यात ‘बेताचं’.

आत्या, जगात किती माणसं आठवणीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहीत असतील? मला ओळखता यायला हवं होतं. पण त्या आठवड्यात पोरांवर वैतागलेल्या आईबापांच्या अकरा मागण्या आल्या होत्या, आणि सगळ्यांची पोरं हुशार असून वेळच दवडत होती. उलट मला त्या सदर पाल्याची कीव आली. मी तो तक्ता आईला मोठ्यांदा वाचून दाखवला आणि म्हटलं, काय एकेक बाप असतात बघ! आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की बस्स. पण तिच्या तोंडात तेव्हा सहा टाचण्या होत्या. (दिवसातली तेवढीच काय ती शांतता, आणि नेमकी ती मला नडली.) मग मी बाह्या सरसावून पत्र लिहिलं. त्या कार्टीला चांगली जागेवर आणते, म्हटलं. जे जे मुद्दे मी स्वतःच्या बाजूने घोकून ठेवले होते, ते एकेक घेऊन मी स्वतःच असे खोडून काढले की वकिलाने पाणी भरावं.

चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर एक पाकीट. आत बाबांच्या अक्षरातलं पत्र. तुला बाबांचं अक्षर माहीत आहे, एकेक मोती. आणि तुला बाबांची नोकरीही माहीत आहे: एकतीस वर्षं नक्कल विभाग. मूळ कागदात जे असेल ते काना-मात्रा न बदलता उतरवायचं, चूक असली तरी चुकीसकट, हा त्यांचा बाणा. एकदा मूळ दस्तावर चहा सांडला होता, तर नकलेत त्यांनी त्या जागी ‘(येथे चहाचा डाग)’ असं लिहिलं होतं, आणि साहेबांनी त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली होती. तेव्हा पत्राची सुरुवात अशी होती: ‘प्रिय (येथे लाडके नाव लिहावे), तू लहान असताना (येथे दोन गोड आठवणी घालाव्यात) ते मला आजही काल घडल्यासारखं आठवतं.’ आणि शेवटी: ‘तुझा, (येथे नाते लिहून सही करावी). आमची सेवा आवडल्यास पाच तारे द्यावेत.’ त्याखाली तारीख आणि सवयीने ‘मुळाबरहुकूम खरी नक्कल’.

मी इतकी हसले की खुर्चीवरून पडले. (मान तिथेच अवघडली. वर मी संगणकाला उगाच दोष दिला.) हसत हसत पुढे वाचत गेले. तिसऱ्या परिच्छेदात माझंच एक वाक्य होतं: ‘तुझ्या वाटेत मी उभा नाही, मी फक्त तुझं दप्तर धरून उभा आहे.’ हे मी बिस्किट खात लिहिलं होतं गं! छान जमलं म्हणून स्वतःला दुसरं बिस्किटही दिलं होतं. पण बाबांच्या त्या गोल, सावकाश अक्षरात ते वाचलं आणि डोळे भरून आले. किती? बेताचे. मागणी केली होती तेवढेच. आईला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा, मला काय विचारता, मी आपली शिवते.

आता पंचाईत बघ. दुकान माझंच आहे हे सांगावं, तर बाबा शरमेने आठवडाभर जेवणार नाहीत. न सांगावं, तर ते परिणामाची वाट बघत घरभर फिरतात. पाण्याचा पेला घेऊन दिवसातून आठ वेळा माझ्या दारावरून जातात आणि माझ्या चेहऱ्यावर फरक पडलाय का ते पाहतात. पाणी पीत नाहीत. शेवटी संकेतस्थळावर त्यांचा अभिप्राय आला. तीन तारे. ‘मजकूर उत्तम. परिणाम दिसून येत नाही.’ मी व्यवस्थापक म्हणून अदबीने उत्तर दिलं की कृपया पाल्याशी समक्ष बोलून पाहावे. पाच मिनिटांत उलट टपाल: ‘समक्ष काय बोलावे ते लिहून पाठवावे.’ आम्ही दोघं त्या वेळी एकाच घरात, मधे एक भिंत. त्यांच्या खुर्चीचा आवाज मला ऐकू येत होता!

तेव्हापासून माझा अर्ज अर्धा भरून पडलाय. मला कॉलेजला जायचं नाही असं नाही, आणि जायचंच आहे असंही नाही. पण मीच लिहिलेल्या पत्राने मीच कशी बधणार? आपलेच दात, आपलेच ओठ. बाबांनी एकदा स्वतःच्या तोंडाने, मोडकंतोडकं का होईना, ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ म्हणावं, एवढंच मला हवंय. मग मी पुढचं ठरवेन. पण ज्या माणसाने एकतीस वर्षं दुसऱ्यांचंच लिहिलंय, त्याला हे सांगायचं कसं? आणि गंमत म्हणजे, मीही सात महिने तेच करतेय.

घरी सर्व क्षेम. आईचा नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
(येथे तुला ठाऊक असलेलं नाव वाचावे)

ता. क. : आता खरं कारण लिहिते. परवा ‘जुनी परिचारिका’ या नावाने एक मागणी आली आहे. पत्र कुणाला: ‘धाकटा भाऊ, वय त्रेपन्न, मुळूमुळू पण हट्टी.’ काय म्हणायचं आहे: ‘पोरीला तिच्या मनाचं करू दे.’ आठवण: ‘माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. त्याचं कॉलेजचं दुसरं. घरात एकाचंच शिक्षण होण्यासारखं होतं. मला कॉलेजचा कंटाळा आलाय असं सांगून तो नोकरीला लागला. त्याला कंटाळा आलेला नव्हता. मी अजून त्याला काही बोललेली नाही.’ काय अजिबात म्हणायचं नाही: ‘त्याची आठवण येते, हे.’ रडण्याच्या रकान्यात, अर्थातच, ‘पुरेपूर’. आत्या, अगं, निदान गुडघ्याबद्दल तरी लिहायचं नाहीस. ‘गुडघ्यामुळे येता येत नाही, म्हणून पत्र’ हे वाचल्यावर आंधळ्यानेही ओळखलं असतं. तर मेट्रनबाई, तुमची मागणी मी परत करत आहे. तीन दिवस बसले, एक ओळ सुचली नाही. तीनशेहून जास्त पत्रांत असं पहिल्यांदाच झालं. हे पत्र तूच लिही. वाकडं लिही, चुकीचं लिही, डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं लिही, पण तूच लिही. कंटाळा आला म्हणून कॉलेज सोडलेल्या माणसाची मुलगी मी आहे, असं मला जन्मभर सांगितलं गेलंय. तुला खरं ठाऊक आहे, हे त्यांना तुझ्याकडून ऐकायला मिळू दे. मी बोलणार नाही.

ता. क. २ : पाकीट टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज शुक्रवार. काल दुपारी मी अर्ज पुरा भरला. (तुझ्यामुळे नाही. म्हणजे तुझ्यामुळेच, पण मी गहिवरले वगैरे नाही. मी व्यावसायिक आहे.) त्यात एक रकाना होता: ‘पालकांनी पाल्याविषयी स्वहस्ताक्षरात थोडक्यात लिहावे.’ बाबा पेन घेऊन आले आणि म्हणाले, “मजकूर सांग, उतरवून देतो.” मी म्हटलं, “मजकूर नाही, बाबा.” मग ते आईच्या मशीनवर अर्ज ठेवून बसले. आईने पाऊण तास मशीन बंद ठेवली, आणि तोंडात टाचण्या नसतानाही गप्प राहिली. आज सकाळी रजा टाकून ते माझ्याबरोबर कॉलेजात आले. खिडकीतल्या कारकुनाने तो रकाना वाचला, मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा खणखणीत वाचला. बाबांनी आधी ‘सदर पाल्य’ लिहून ते खोडलं होतं. त्यावर माझं घरातलं नाव लिहिलं होतं, तेच, जे फक्त तुम्हा तिघांना ठाऊक होतं. पुढे: ‘ऐकत नाही. जरूर घ्यावी.’ खाली ‘मुळाबरहुकूम खरी नक्कल’ नाही. जागा मिळाली. ‘पत्र लिहून मिळेल’ सकाळचे तास संपल्यावर उघडेल. आणि आत्या, रांगेतली चाळीस पोरं आता मला तीन वर्षं त्याच नावाने हाक मारणार आहेत.