बोट दाबून धरण्याबद्दल

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसतं बाटलीकडे बघतेस? इकडे सगळे ठणठणीत आहेत, निदान आवाजावरून तरी. खरं तर फोनच केला असता, पण माझा फोन हल्ली घरातल्या कुठल्या खोलीतून बोलू लागेल याचा भरवसा नाही, म्हणून कागद घेतला. (अक्षर समजून घे. चौथीनंतर ते सुधारायला सवड मिळाली नाही.)

तर तुझ्या भाच्याने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, घरभर बिनतारी स्पीकर बसवले आहेत. बैठकीत, स्वयंपाकघरात, सूनबाईच्या कामाच्या खोलीत, आमच्या खोलीत आणि, सांगायलाही लाज वाटते, न्हाणीघरात. दोन्ही टीव्हीसुद्धा त्यातच गुंतवले. तार कुठेच नाही. तार नसताना हे सगळं एकमेकांना कसं धरून राहतं, या काळजीने मला पहिले काही दिवस अन्न गोड लागलं नाही. कारभार ज्याच्या त्याच्या फोनवरून चालतो. फोनमध्ये प्रत्येक खोलीचं चौकोनी बटण, आणि शेवटी जो दाबेल त्याचं राज्य. पूर्वी एका टीव्हीसमोर आम्ही चौघं भांडत बसायचो. आता जो तो आपल्या खोलीत आपापलं ऐकतो, भांडायलासुद्धा कोणी फिरकत नाही. (तुझी भावजय स्वयंपाकघरातल्या स्पीकरशी बोलते. तो हवामान सांगतो, ही त्याला "हो का?" म्हणते. मला इतक्या वर्षांत कधी म्हणाली नाही.)

मी जन्मभर लिफ्ट चालवली, तीही जुनी, दांड्याची. दांडा सोडला की लिफ्ट जागच्या जागी उभी राहायची, म्हणून मजला येईपर्यंत तो दाबूनच धरायचा. ती सवय बोटांत मुरली आहे. त्या दिवशी सकाळच्या बातम्या लावाव्यात म्हणून मी आमच्या खोलीचं बटण दाबलं आणि आवाज येईपर्यंत दाबूनच धरलं. मला काय ठाऊक, नुसतं टेकवलं तर एक खोली आणि दाबून धरलं तर अख्खं घर! वादळाचा इशारा एकदम सगळ्या भिंतींतून सुटला. चिरंजीव न्हाणीघरात डोक्याला साबण लावून उभे होते. "सुरक्षित ठिकाणी आश्रय घ्या" हे डोक्यावरूनच ऐकू आल्यावर टॉवेल गुंडाळून बाहेर धावले. सूनबाईची साहेबांबरोबर मीटिंग चालू होती. त्यांनीही म्हणे तिकडे उठून खिडकी लावून घेतली. तुझी भावजय हातात झारा घेऊन आली. "बाबा, बोट उचला आधी!" "अहो, आता काय पेटवलंत?" सगळं घर माझ्या पलंगाभोवती जमा.

पुढच्या खेपेला गुडघेदुखीवरचं एका डॉक्टरांचं भाषण होतं (तुझ्यासाठीच ऐकत होतो, उपकार नको मानूस). तेही सूनबाईच्या मीटिंगमध्ये शिरलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण साहेबांनी काय विचारलं असेल? त्या डॉक्टरांचा पत्ता! तरी बोलणी मलाच. अशा आणखी बऱ्याच खेपा झाल्या, सगळ्या लिहीत नाही, कागद पुरणार नाही.

आता निकाल ऐक. येत्या रविवारी माझा फोन या कारभारातून काढून टाकणार, आणि कानात घालायला दोन बोंडं आणून देणार. "बाबा, दार लावून घ्या आणि तुमचं तुम्ही ऐका, अगदी निवांत." निवांत! अक्का, लिफ्टमध्ये आयुष्य गेलं, खांद्याला खांदा लावून माणसं उभी असायची आणि सगळी दाराकडे बघत असायची. मजला सांगण्यापलीकडे कोणी तोंड उघडलं नाही. पण दांडा माझ्या हातात होता, तो मी मोठ्या साहेबांनाही धरू दिला नाही. मग हा तर माझाच पोरगा. तोंडावर सांगितलं, बोंडं घालणार नाही, फोन देणार नाही, आणि माफी तर मुळीच मागणार नाही. काय करायचं ते करा. आवाज चढाच ठेवला.

तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा
(अजून तरी फोन हातात असलेला)

ता. क. चिरंजीव तुझा शब्द खाली पडू देत नाही. रविवारच्या आत त्याला फोन कर. म्हणावं, म्हातारा आहे, त्याला ते बटण कळत नाही आणि कळणारही नाही, पण काढून घेऊ नकोस, हाय खाईल.

आणखी ता. क. बटण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पण नुसतं टेकवलं तर कोणी येत नाही गं. काल सगळी ओरडायला आली ती थांबलीच. सूनबाई पलंगाच्या कडेला टेकली, चिरंजीव उंबऱ्यावर बसला, हिने चहा इथेच आणला. तासभर माझ्यावर खेकसत होती सगळी. फार बरं वाटलं.

हे पत्र वाचून फाडून टाक. आता आवरतो, चहाची वेळ झाली, बोट मोकळं हवं.