उपरण्याखालच्या ओळी

बाबा, तुमच्या नामावळीच्या वह्या आता रामकुंडावर फोनमध्ये दिसतात. हे तुम्हाला आवडलं नसतं, म्हणून आधी तेच सांगते.

पंचवटीच्या घरात वह्यांच्या कपाटाशेजारी मी एक लहान संगणक कायमचा चालू ठेवला आहे. कुठल्या घरातलं कोण, कधी, कोणत्या विधीला आलं, त्या नोंदींची आणि सह्यांची सगळी पानं स्कॅन करून त्यात घातली. घाटावर आता दादा बसतो. यजमानानं गाव आणि आडनाव सांगितलं की वही आणायला त्याला घरी पळावं लागायचं, ते आता थांबलं. बाहेरच्या कुणाला आत येता येत नाही. फक्त दादाच्या फोनला परवानगी आहे, तीही पाहण्यापुरती. चुकूनसुद्धा त्याला काही खोडता येणार नाही. इंदिरानगरच्या माझ्या फ्लॅटमधून मी हे महिनाभर तपासत होते. कुठेही फट सापडली नाही.

तुम्ही पान उघडलं की आधी स्वतः वाचायचात. मग उपरण्याची घडी करून वरच्या-खालच्या ओळी झाकायचात आणि यजमानाला त्याची तेवढी ओळ दाखवायचात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुमच्या मांडीला टेकून बसले आहे, खालची फरशी ओली आहे, आणि मी उपरणं ओढते. तुम्ही माझा हात धरून ठेवता. यजमान गेल्यावर म्हणता, "वाचता येतं म्हणून सगळं वाचायचं नसतं, बयो." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पुढे मोठी झाल्यावरही मला वाटायचं, हा यजमानावर छाप पाडायचा प्रकार आहे.

गेल्या महिन्यात सुरतेहून एक गृहस्थ आले, मूळचे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांना वडिलांची सही पाहायची होती. दादानं पान उघडलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. वडिलांच्या ओळीखाली थोरल्या भावाची ओळ होती, गेल्याच वर्षीची, आईच्या अस्थिविसर्जनाची. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. आई गेली, हे त्या माणसाला आपल्या घाटावर, माझ्या स्कॅनवरून कळलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "पायरीवरच बसले गं ते. म्हणाले, गुरुजी, हे आमच्या आईचंच नाव आहे का, नीट बघा ना."

"तू आधी वाचलं का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, सगळं सेफ आहे म्हणून?"

मी म्हटलं, "बंद करून टाकते."

"बंद नको करूस, बाई. एवढी शिकलीस, तुझ्या त्या डब्याला एक ओळ झाकता येत नाही?"

मी अख्ख्या पानाची परवानगी दिली होती. तुम्ही एकेका ओळीची देत होतात, तीही स्वतः वाचून.

आता मी प्रत्येक ओळ वेगळी कापते आहे. दादाला आधी यादी दिसेल, तो वाचेल, मग एकच ओळ उघडेल. रविवारी सकाळी बसते. तुमचा ळ खालच्या ओळीत उतरतो, चौकटीत मावत नाही. मध्येच शाई गडद होते, तिथे तुम्ही कुणाशी तरी बोलायला थांबला असाल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या आवाजाची एकही फाईल माझ्याकडे नाही. होती असं वाटून मी सगळ्या जुन्या डिस्क शोधल्या.

हे पत्र मी त्या संगणकावर ठेवणार नाही, कारण ते दादाला दिसेल. ओळी कापणारा प्रोग्राम मी केव्हाच लिहिला आहे. आजोबांच्या वह्या त्यानं दोन दिवसांत संपवल्या. तुमच्या मात्र मी हातानं करते. दादाला सांगितलं आहे, की बाबांचं अक्षर प्रोग्रामला लागत नाही. लागतं, बाबा. पहिल्याच पानाला लागलं होतं.