डावीकडची मी, उजवीकडची तू

प्रिय पुनम,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या काउंटरवर होते. समोर पेशंटची रांग, म्हणून नुसतं हं-हं करत राहिले. तू तो होकार समजलीस की काय, या विचारानं मला चैन नाही. परत फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी विरघळते. म्हणून पत्र लिहितेय. हिंगोलीत माझं बरं चाललंय. खोली लहान आहे, पण पाणी येतं. आई गावी, हट्ट्यालाच असते. मी पगार पाठवते तरी हळद काढायला जायचं सोडत नाही.

गावात आपल्याला बहिणी समजायचे, आठवतं? तीच टोकदार हनुवटी, तेच डोळे. शेजारची बेबीबाई म्हणायची, "साचा एकच हाय गं, एकीला दुधात बुडवलं अन् एकीला काकवीत." आपण दोघी खो-खो हसायचो. मॉडेलिंगचं वेड मात्र माझं होतं, तुझं नव्हे. शाळेच्या रिकाम्या व्हरांड्यात मी मोबाईलवर बघून बघून चालायचा सराव करायचे आणि तू पायरीवर चिंचा खात ओरडायचीस, "ऐशे, नाक खाली घे, पडशील!"

मग ती हळदीच्या क्रीमवाली कंपनी आली. त्यांना हळदीच्या गावातल्या खऱ्याखुऱ्या मुली हव्या होत्या. तुला चल म्हणणारी मीच. तुझ्या आईला, द्वारकाकाकूंना पटवणारीही मीच. तुमच्या ओसरीवर बसून पटवलं. आत त्यांनी कधी बोलावलं नाही आणि मीही कधी गेले नाही. त्या म्हणाल्या, "तू संगं हायस म्हणून धाडते." कंपनीच्या रविंद्रनं आपल्याला शेजारी-शेजारी उभं केलं, बराच वेळ पाहिलं आणि दोघींनाही घेतलं. त्या दिवशी वसमतच्या स्टँडवर आपण उसाचा रस प्यायलो. मला वाटलं होतं, माझी चाल आवडली.

पहिल्या दिवशी माझं शूटिंग. केस धुऊ नको, पावडर लावू नको, उन्हात बस. मी बसले. यालाच नैसर्गिक म्हणत असतील, असं वाटलं. तू कॅमेऱ्यामागं उभी होतीस. मी हसले की तू म्हणायचीस, "हसू नको ऐशू, ते साधं दिस म्हणून राहिले." मी तुझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तुझं शूटिंग होतं, आणि मला येऊ नको असा निरोप आला.

जाहिरातीचा बोर्ड लागला तेव्हा आईला घेऊन बघायला गेले. जयंतीला पुतळ्याला हार घालायला निघावं तशी ती पांढरं लुगडं नेसून आली होती. डावीकडं मी, खाली 'पहिला दिवस'. उजवीकडं तू, खाली 'चाळिसावा दिवस'. आणि दोघींच्या मध्ये एकच नाव: हट्ट्याची पुनम. आईनं अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "मंग तुहं नाव कुठंय?"

तू पुण्याला गेलीस. साड्यांच्या, दागिन्यांच्या जाहिरातीत दिसू लागलीस. मीही दोन ठिकाणी जाऊन आले, तुला कधी सांगितलं नाही. एका ठिकाणी बाई चांगली होती. म्हणाली, चेहरा छान आहे, पण लोकांनी तुला आधीच पाहिलंय, तू 'आधीची' आहेस. तिथं माझी सुरुवात झाली आणि तिथंच संपली. कॉलेजात पोरं मला 'पहिला दिवस' म्हणून हाक मारायची. त्या काळात तुला केलेले फोन तू उचलले नाहीस.

एवढं मी गिळलं होतं. मागच्या उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याच्या माणिकरावांची पल्लवी आमच्या दवाखान्यात आली. दहावीतली पोर, तोंडाला रुमाल बांधलेला. तिच्या बापाचा ढाबा आहे. तुझ्यासारखं दिसायचं म्हणून तिनं ती क्रीम महिनोन् महिने लावली. गालांची सालं निघाली होती, त्याखाली काळे चट्टे. नाव लिहून घेताना ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमीच ना त्या बोर्डावरच्या? तुमचं परत काळं काहून झालं?"

पुनम, त्या पोरीला मी काय सांगायचं होतं? मी सांगितलं, बाळा, मी कधी गोरी झालेच नव्हते. ती दुसरी मुलगी आहे. तिला पटलं नाही. ती बराच वेळ माझी हनुवटी बघत राहिली.

आता तुझ्या फोनचं. माणिकरावांनी ग्राहक आयोगात तक्रार केलीय आणि कंपनीनं लिहून दिलंय की फोटोतली मुलगी एकच आहे. मी गप्प राहावं म्हणून तू फोन केलास. मोठं काम हातात आलंय, ते जाईल म्हणालीस. कंपनी मलाही काम द्यायला तयार आहे म्हणालीस. आणि बोलता बोलता तुझ्या तोंडून निघून गेलं, "मला त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, ऐशू, मी काय करणार होते?" म्हणजे कॅमेऱ्यामागून मला हसू नको म्हणत होतीस, तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मी माणिकरावांच्या वकिलांना होय म्हटलंय. पुढच्या महिन्यात आयोगासमोर उभी राहून सांगणार आहे की त्या दोन मुली आहेत. तू म्हणशील, ही सूड उगवून राहिली. थोडा सूड आहेच, नाही कशाला म्हणू? पण तो तुझ्या पाठीमागून उगवायचा नाही, म्हणून आधी तुला कळवतेय. तारखेच्या आदल्या दिवशी ये. माझ्याकडंच उतर, दोघी मिळून जाऊ, आणि आधी तू बोल. नाही आलीस तर मी एकटी जाईन, पण जाईन.

एकेकाळी तुझीच असलेली,
ऐश्वर्या