‘सुरतनी गाडी’ या कॅसेटवरच्या आवाजाबाबत

मी, धुरपदाबाई उखा सोनवणे, वय अठ्ठावन्न, राहणार नवागाम, डिंडोली, सुरत, मूळ गाव अमळनेर तालुक्यात, पूर्वीचा धंदा लूमच्या खात्यात बॉबिन भरणे, सध्याचा गाणी रचणे व गाणे, माझ्या हाताने लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, छाती तेवढी बिघडलेली आहे, आणि हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. मला दडपणारा अजून जन्माला यायचा आहे. वकिलांनी दिलेला नमुना एवढ्यापुरताच उतरवला, पुढचे माझे. खोडाखोड झाली तर तिथे सही लागते असे ते म्हणाले, म्हणून जपून लिहिते.

कलम १. नवागामातली माझी खोली, माळ्यासह, आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी नूतन हिला. जावयाला नाही. जावई चांगला माणूस आहे, पण बारा वर्षे झाली, तेवढे एकच काम तो करतो आहे.

कलम २. सत्काराच्या सतरा शाली. कॅसेट निघेपर्यंत मला कोणी अर्धा कप चहा विचारला नव्हता. निघाल्यावर ज्या मंडळाला पाहावे ते शाल घेऊन उभे. एकही शाल थंडी अडवत नाही. त्या नूतनने भांड्यांवर द्याव्यात, आणि बोहारीण नको म्हणाली तर पोतेरी करावीत.

कलम ३. माझा पुतण्या गोपाल स्वतःला माझा मॅनेजर म्हणवतो. मी बॉबिन भरताना गुणगुणले तर हाच गोपाल ‘काकू, डोकं उठलं’ म्हणून दार लोटून घ्यायचा. आता दारावर ‘अहिराणी गानकोकिळा’ अशी पाटी त्यानेच रंगवून लावली आहे. ती पाटी खिळ्यांसकट त्याला. कॅसेट गाजली ती त्याच्या मेहनतीने, असे तो सांगत फिरतो. खरे असे की चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ती निघाली तेव्हा दुकानात धूळ खात होती. सप्टेंबरात प्लेग आला, आपली सगळी माणसे गाडीत कोंबून गावी पळाली, आणि जाताना पिशवीत कॅसेट घेऊन गेली. गावाकडे करणार काय, महिनाभर तीच वाजवत बसली. त्या लग्नसराईत खानदेशात ‘सुरतनी गाडी’ वाजली नाही असा मांडव राहिला नाही. माझे नाव झाले ते उंदरांच्या कृपेने.

कलम ४. खोडले आहे. यात निंबा आप्पांविषयी तीन शब्द होते, ते कोर्टात वाचता येणार नाहीत असे वकील म्हणाले. सही: धु. उ. सोनवणे.

कलम ५. त्याऐवजी हे. निंबा आप्पा आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे प्रमुख. वीस वर्षे त्यांचे एकच पालुपद, ‘बायकांनी मागे बसून झील धरावी, माइक धरू नये.’ झील धरायची म्हणजे गाणाऱ्याची ओळ मागून उचलायची. कॅसेट गाजल्यावर हार घेऊन पहिले तेच आले, मेले लाजलेही नाहीत. त्यांना माझा टेपरेकॉर्डर द्यावा. उतारवयात तरी ऐकायची सवय लागेल. त्यांच्या कानांविषयी माझे मत चांगले नाही. साक्षीला त्यांनाच बोलावले आहे. वाचावे आणि मगच सही करावी.

कलम ६. हे लिहायला तीन दिवस लागले. कॅसेटवरचे शेवटचे गाणे, ‘उनी वं माय, सुरतनी गाडी’. सुरतेला दिलेली पोर फलाटावर आईला सांगते की गाडी आली, आता सोड. शेवटी ‘माय वं’ अशी जी लांब हाक आहे, ती ऐकून मांडवातले बापेसुद्धा रडतात. त्या गाण्याचे शब्द माझे. आवाज माझा नाही.

आवाज वत्सलाचा आहे. वत्सला माझ्या शेजारची, वीस वर्षे भजनात माझ्या बाजूला झील धरणारी, आणि कॅसेटवर माझ्यामागे. रेकॉर्डिंगला सात गाणी झाली आणि माझा घसा बसला. कॅसेटवाले ललितभाई म्हणाले, ‘बेन, अवाज बेसी गयो तमारो, आ बेन गाशे?’ ती गायली. एकदाच गायली, आणि काचेपलीकडचा ऑपरेटर डोळे पुसत होता. तिची सासू तेव्हा हयात होती. घरातली बाई कॅसेटवर गाते म्हटल्यावर तिने हिला घरात उभे राहू दिले नसते. म्हणून वत्सलाच म्हणाली, ‘नाव नको, आक्का.’ इथवर माझा दोष नाही.

दोन वर्षांनी सासू गेली. वत्सला माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली. ‘आक्का, आते मन्हं नाव सांगी दे ना.’ मी म्हटले, ‘तुझं नाव ऐकायला कोण बसलंय? झील धरणारी तू, झीलच धर.’ निंबा आप्पांचेच वाक्य माझ्या तोंडून निघाले. ती तशीच जिना उतरून गेली. त्यानंतर तिने माझा जिना चढलेला नाही. कार्यक्रमात लोक ते गाणे मागतात, तेव्हा मी ‘ते कॅसेटवर ऐका’ म्हणून डोळे वटारते. लोकांना वाटते, बाईला गर्व झाला. गर्व कसला, मला ती हाक येत नाही. मला लाज वाटते.

तरी, माझ्या पश्चात, दहाव्याच्या दिवशी, हे कलम भजनी मंडळाच्या माइकवर मोठ्याने वाचावे. ललितभाईंनी या कॅसेटच्या यापुढे निघणाऱ्या प्रतींच्या कव्हरवर वत्सलाचे नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरात छापावे. माझी गाण्यांची वही वत्सलाला द्यावी. तिने ती घेतली नाही तर तिच्या उंबऱ्यावर ठेवून यावे.

ताजा कलम. वरचे लिहून झाले आणि निंबा आप्पा सहीला आले. चष्मा लावून सगळे वाचले. टेपरेकॉर्डरपाशी हसले. कलम ६ वाचून म्हणाले, ‘धुरपदा, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. वीस वर्षं तुम्ही दोघी आमच्या पाठीमागं गात होत्या. कुणाचा गळा कुठला, ते कळत नाही होय?’

मी विचारले, ‘मग चार वर्षं बोलला का नाहीत?’

ते म्हणाले, ‘तू कुणाला बोलू देतेस?’

मी पेन पुन्हा उचलला.

म्हणून कलम ६ मधले ‘माझ्या पश्चात, दहाव्याच्या दिवशी’ हे शब्द खोडले आहेत. त्या जागी ‘येत्या एकादशीच्या भजनाला, मी स्वतः’ असे वाचावे. माइक द्यायला आप्पांनी होकार दिला आहे. वत्सलाला निरोप धाडला आहे. ती येईल की नाही, माहीत नाही.

खोडलेल्या शब्दांवर सही: धु. उ. सोनवणे

लिहून देणार: धुरपदाबाई उखा सोनवणे
साक्षीदार: १. निंबा दगा बोरसे (वाचून सही केली) २. सुषमा पंडित ठाकरे, दवाखान्यातल्या नर्स
स्थळ: नवागाम, सुरत. तारीख: ११ फेब्रुवारी १९९८