रॉकेल नसलेला कंदील

२४ जून २०२५, मंगळवार

पोचलो एकदाचा. गावाकडचं, खटकचिंचोळीचं घर सोडल्यापासून इथल्या दारात पाऊल ठेवेपर्यंत एक्केचाळीस तास वीस मिनिटं. दोन विमानं, एक रेल्वे आणि शेवटी मंजुश्रीची गाडी. मंजू माझी लेक. इथून बावीस मैलांवरच्या दवाखान्यात नर्स आहे.

गावाचं नाव किलवेरी. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, कड्याच्या पोटात. घरं चौतीस, मोजली मी. सगळी दगडी, आणि प्रत्येकानं समुद्राकडे अरुंद बाजू केलेली, म्हणजे वारा कमी लागतो. बांधणाऱ्याला अक्कल होती. खाली छोटा धक्का, पाच होड्या, खेकडे धरायच्या पिंजऱ्यांची चळत. कड्यावर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, त्यांना खोबऱ्यासारखा वास येतो. मंजूला सांगितलं तर हसायली.

त्रेपन्नाव्या वर्षी समुद्र पहिल्यांदा पाहिला. मी सातवीपर्यंत शिकलेला. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी बांधायला मला कुणी शिकवलं नाही. जळालेली मोटार उघडायची, तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे, मोजून तितकेच भरायचे. इंग्रजीसुद्धा मोटारींच्या पुस्तकांतून उचललं, आणि आज विमानतळावर ते चाललं. मन प्रसन्न आहे.

२६ जून

मागच्या अंगणात, समुद्राच्या भिंतीअलीकडे, जुनी विहीर निघाली. दगडी, गोल, वर लाकडी झाकण. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसते.

शेजारी इशबेलबाई राहतात. वय ऐंशीच्या पुढं, नवरा मासेमारी करायचा, आता नाही. त्या म्हणाल्या, पाणी मचूळ आहे, कुणी पीत नाही, समुद्राबरोबर चढतं-उतरतं. मला ऐकीव चालत नाही. सुतळीला लोखंडी नट बांधून सोडला. तळ तीस फूट चार इंच. ओहोटीला पाणी दोन फूट, भरतीला पावणेपाच. टपाल कचेरीत भरती-ओहोटीचं पत्रक लावलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहिलं. विहीर समुद्राच्या एक तास पन्नास मिनिटं मागं चालते. इशबेलबाईंनी विचारलं, तुमच्याकडं पाहुणे आले की आधी विहीर मोजतात का. मी म्हटलं, सगळे नाही, मीच.

आमच्या गावच्या चनमल्लप्पांची विहीरही तीस फूट चार इंचच होती. नोंद म्हणून लिहितो. विशेष काही नाही.

२९ जून

मंजू आज पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला ग्लासगोला गेली. फ्रिज भरून गेलीय.

घरून बायकोचा, वच्छलाबाईचा फोन. अंबिका परत येऊन गेली म्हणे. नुसती उंबऱ्यात बसते, पाणीसुद्धा घेत नाही. मग बायको मलाच म्हणाली, तुम्ही नेमकं आत्ताच कामून गेलाव. मी म्हटलं, तिकीट आधीच काढलं होतं. आधी म्हणजे निघण्याच्या चार दिवस आधी, हे तिला ठाऊक आहे.

प्रकरण एकदा नीट लिहून ठेवतो. रामकिशन माझ्या हाताखाली चौदा वर्षं होता. ९ एप्रिलला चनमल्लप्पांच्या बंद पडलेल्या विहिरीत पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह अडकला, तो सोडवायला उतरला आणि मेला. आमच्याकडं रीत अशी, की जुन्या विहिरीत माणूस उतरण्याआधी पेटता कंदील दोराला बांधून सोडायचा. विझला तर खाली गॅस आहे, कुणी उतरायचं नाही. मी कंदील सोडला. तळापर्यंत जळत गेला. रामकिशनच्या तोंडाला दारूचा वास होता, पाय घसरला असणार. पोलिसांना हेच सांगितलं, गावालाही हेच.

अंबिका त्याची बायको. तिचं म्हणणं, अकरा वर्षांपूर्वी गाणगापूरला पादुकांसमोर त्यानं दारू सोडली होती, तो शपथ मोडणारा नव्हे. आता तिची सासू गावभर सांगते, देवाची शपथ मोडली म्हणून देवानं नेला. अंबिका माझ्याशी एकदाच बोलली. व्यंकटअण्णा, पुनवेला गाणगापूरला चला. पादुकांसमोर एवढंच सांगा, दिवा इझला न्हवता, आन् त्येनं पिली होती. मग मी तुमच्या दारात येत न्हाई.

पुनव दहा जुलैला आहे.

१ जुलै

सकाळी सुतळी सोडली, वर घेतली. नट होता, गाठ माझी नव्हती. मी साधी गाठ मारतो. ही दोन वेढे देऊन टोक उलटं आत खुपसलेली. बैलाच्या दाव्याची गाठ. रामकिशन प्रत्येक दोराला तीच मारायचा, माझी गाठ सोडून परत स्वतःची मारायचा. मी चिडायचो. तो म्हणायचा, मालक, तुमची शिकलेली गाठ सुटते, माझी अडाणी हाय, न्हाई सुटत.

हाताला सवय लागली असेल. चौदा वर्षं पाहिलीय ती गाठ, नकळत मारली असेल.

कापून टाकली. झाकण बसवलं.

३ जुलै

दुपारी तीन वाजता समुद्रावरून धुकं आलं. धक्का दिसेना. इशबेलबाईंचं घर वीस पावलांवर, तेही दिसेना. अंगणात गेलो तर झाकण बाजूला पडलेलं.

विहिरीत उजेड आहे. पिवळा, तळहाताएवढा, अगदी तळाशी. आभाळाचं प्रतिबिंब म्हणावं तर आभाळ पांढरं आहे. पाऊण तास उभा होतो. उजेड हलत नाही. समुद्र चढत होता, विहीर चढली नाही.

मोजलं नाही आज.

५ जुलै

ठरवलं, जी रीत आहे ती करायची. इशबेलबाईंकडं त्यांच्या नवऱ्याचा होडीतला पितळी कंदील आहे, तो मागून आणला. बंदरावरच्या दुकानातून निळा दोर आणला. कंदील पेटवला आणि सावकाश सोडला. दहा फूट. वीस. पंचवीस, पाण्याच्या जरा वर. जळत होता. तिथपर्यंत मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

वर ओढला. विझलेला. काच थंड.

खाली उजेड तसाच.

६ जुलै

कंदील परत द्यायला गेलो. इशबेलबाईंनी उलटा करून हलवला. त्यात तेल नव्हतंच. नवरा गेल्यापासून, एकोणीस वर्षं, नुसता शोभेला ठेवलेला. वातसुद्धा काढलेली. त्यांनी विचारलं, तुम्ही पेटवलात तो कसा. मी, वेढे मोजणारा माणूस, तेल न बघता काडी लावली.

त्यांनी चहा दिला. तो माझ्या हातून बशीत सांडला. त्यांनी कपाखाली कागद सरकवला फक्त.

७ जुलै

त्या दिवशीही कंदिलात रॉकेल नव्हतं.

लिहिलं. आता पुढचं.

घरून रॉकेल आणायला दहा मिनिटं लागली असती. रामकिशन विहिरीच्या काठावर दोर कमरेला बांधून उभा होता. म्हणाला, मालक, दिवा सोडायलाव न्हवं. चनमल्लप्पा बघत होते, आणखी चौघं होते. मी म्हटलं, मला शिकवायलास का, मला वासानं कळतं. सगळे हसले. तोही हसला. उतरला.

चनमल्लप्पांना आणि त्या चौघांना नंतर म्हटलं, तुम्ही यायच्या आधीच सोडला होता दिवा. विहीर चनमल्लप्पांची, त्यांना ते सोयीचं होतं, चौघं त्यांच्यामागं.

दारूचा वास नव्हता. तंबाखूचाही नव्हता. सकाळी माझ्याच घरी चहा पिऊन आला होता.

८ जुलै

निळा दोर मी गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला होता. आता विहिरीत आहे. दुसरं टोक स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला. रामकिशनची गाठ.

सुटत नाही. सुरी लावली — सुरी घसरते.

बायकोला फोन केला. म्हटलं, तुला काहीतरी सांगायचंय. ती म्हणाली, मला कामून सांगताव, तिला सांगा. मी जायलेय तिच्यासंगं गाणगापूरला. बारा वाजता, भिक्षेच्या वेळेला, मी फोन लावते. तेवढं उचला.

तिला सगळं ठाऊक होतं. केव्हापासून, विचारायचं धाडस झालं नाही.

तिकडचे बारा म्हणजे इथले सकाळचे साडेसात.

९ जुलै

दोर हलतो. दिवसाउजेडी. मी जेवत होतो, ताट तसंच आहे.

आमच्यात खुणा होत्या. एक झटका — ठीक आहे. दोन — वर ओढा.

हे कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी दोन झटके आले. हाताला लागले. मी चनमल्लप्पांना पाइपाची लांबी समजावत होतो. अठ्ठावीस फूट कामून नको, तीस कामून पाहिजे. मधे थांबलो नाही. वाक्य पूर्ण केलं. मग ओढलं.

तेवढंच ते वाक्य. दहा-बारा सेकंद —

तेवढ्यात दोर जड झाला होता.

१० जुलै, पुनव

सकाळी ७.१०. ओहोटी. धुकं दाराशी. आंघोळ केली. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय, चार ओळी. दिवा सोडला नाही. तो प्याला नव्हता. त्यानं शपथ मोडली नाही. झटके आले होते.

इशबेलबाईंना सांगून ठेवलंय, आठला या म्हणून. कुणीतरी असावं.

७.२२. कडी वाजते. विहिरीतला उजेड वर आलाय, इथून खिडकीतून दिसतो. काठाच्या दगडांवर पिवळा —

७.२८. फोन समोर. पाणी प्यालो.

७.३०. वाजतोय. वच्छलाबाईचं नाव —

दोर. एक.

दोन.

ताणलाय. माणसाचं वजन आहे, मला कळतं. फोन वाजतोय. अंबिका तिथं उभी असेल. उचलला तर चार ओळी बोलाव्या लागतील, पूर्ण. आणि दोर —

मंजू, ही वही अंबिकाला दे. मी जातो अंगणात. या वेळी मी वाक्य अर्धं सोड