चैत्रालीची गोल नानकटाई

यतीन,

मी ड्युटीला जातेय. आज भाऊबीज आहे हे माहीत असूनही शिफ्ट बदलून मागितली नाही.

रविवारी मराठी शाळेतल्या पिल्लांना भाऊबीज कळावी म्हणून चर्च हॉलच्या ओव्हनमध्ये नानकटाया केल्या. भाऊ असेल तर गोल. नसेल तर चंद्राला ओवाळायचं, म्हणून चंद्रकोर. आपल्या चैत्रालीला मी चंद्रकोरीचा साचा दिला, तर तिने तो परत केला. "मला भाऊ आहे ना. तो फक्त हॉस्पिटलमधून घरी आला नाही." मी तिला गोल साचा दिला.

मग तिने त्याचं नाव विचारलं. आपण ठरवलेलं सांगितलं. ऑगस्टपासून आपण दोघांनी ते एकदाही उच्चारलेलं नव्हतं.

निरांजन आणि कुंकू ओट्यावर आहे. नानकटाई स्टीलच्या डब्यात आहे, चहाबरोबर खाऊन टाकू नकोस. चैत्रालीला शाळेतून आणलंस की पाट मांड आणि नानकटाई पाटावर ठेव. ओवाळताना ती 'नील' म्हणेल.

मी पळून जातेय, कळतंय मला. तू तरी तेव्हा उठून जाऊ नकोस.

अर्चना