पत्रिकेतल्या दोन तिरप्या रेघा

माऊलीराव पाव्हणे, मुक्काम केदारखेडा, यांना जालन्याच्या मस्तगडातून भुजंगदाजीचा रामराम. तुमचा गुडघा कसा हाय? म्हैस व्यायली का? इकडं सगळं खुशाल (तुमची बहीण उषा चार दिवसांपासून माझ्याशी बोलत न्हाई, तेही खुशालीतच धरा). फोन तुम्ही उचलत न्हाई, म्हणून कागद लिहून राह्यलो. मीनाच्या लग्नपत्रिकेत सख्ख्या मामाचं नाव न्हाई, म्हणून तुम्ही लग्नाला येणार न्हाई, असा निरोप तुमच्या शेजारच्या झुंबरबाईनं आणला. तिच्याच हाती हे पत्र देतो. आता काय झालं ते वाचा.

सगळा दोष मीनाच्या पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या नोकरीचा. मी कारखान्याच्या हापिसात तीस वर्षं पत्रं टाईप केली, तरी पोरगी म्हणे, पप्पा, वर्डमध्ये ओढाताण कशाला, हे नवं साधन घ्या. त्यात एका बाजूला साधं लिहायचं, मधी मधी खुणा टाकायच्या, अन् दुसऱ्या बाजूला छापायचं पान आपोआप तयार. अक्षर मोठं पाहिजे तर ओळीच्या आधी बरोबरचं चिन्ह द्यायचं. आता आपल्यात जेवढा मान मोठा तेवढे श्री जास्त. महाराजांना तर एक हजार आठ लावतेत. म्हणून मी मीनाला पाच बरोबर दिले, नवरदेवाला चार, अन् जेवणाला एक. या अडाणी साधनात उलटं हाय, चिन्हं वाढली की अक्षर बारीक. पत्रिकेवर 'स्नेहभोजन' एवढं दांडगं आलं की नवरा-नवरी हुडकायला चष्मा लागतोय. (व्याह्यांनी विचारलं, लग्न हाय का भंडारा?)

मंग देवीचं झालं. आपण टाईप करणारे जन्मभर '// श्री कुलस्वामिनी प्रसन्न //' अशाच तिरप्या रेघा मारत आलो. या साधनाचा हिशेब असा, की दोन तिरप्या रेघांच्या पुढं जे लिहिलं ते लिहिणाऱ्याच्या खासगीतलं, छापायचं न्हाई. कुलस्वामिनी बिलकुल गायब. जिथं देवीचा टिकाव लागला न्हाई तिथं तुमची काय कथा? त्याच झपाट्यात 'मामा: श्री. माऊलीराव' ही ओळ बी गेली. मी लिहायच्या बाजूला तपासत बसलो, अन् तिथं तुमचं नाव बराबर दिसत होतं. इजहारभाई प्रेसवाल्यांनी विचारलं बी, भुजंगराव, ऊपर भगवान का नाम नहीं? मी म्हणालो, नवी पद्धत हाय, छापा. एवढी शिकलेली लोकं असली साधनं बनवतेत, अन् त्या साधनाला मामा म्हंजे काय ते कळत न्हाई.

तर राग सोडा. पोरीला बोहल्यावर मामानंच आणावं लागतंय, बापाच्या हातानं ते होत न्हाई. उषा दिवसभर दाराकडं बघत बसती, मला ते बघवत न्हाई.

तुमचा,
भुजंगदाजी

ता. क. तुमची ओळ देवीच्या ओळीपासून बारा ओळी खाली होती, अन् त्या रेघा फक्त आपल्याच ओळीतलं झाकतेत. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो. देवी गायब झाली तेव्हाच मला त्या रेघांचा गुण कळला, अन् तुमच्या नावाआधीच्या रेघा मी मारल्या. साखरपुड्यात व्याह्यांसमोर तुम्ही म्हणाले ना, दाजीला नुसते कागद हाकता येतेत, बैल न्हाई. ते लई लागलं होतं. छापायच्या आधी काढणार होतो. पण रागाच्या भरात तुम्हालाच काय, देवीलाही परत आणायचं राहून गेलं. चुकलो.

आणखी एक. मीनानं फाईल उघडून सगळं बघितलंय. नव्या पत्रिकेत देवी आली, तुम्ही आले, जेवण बारीक झालं. पण 'निमंत्रक: भुजंग' याच्या आधी आता दोन तिरप्या रेघा हायेत, अन् पासवर्ड तिनं बदललाय. म्हणती, मामा फोनवर 'येतो' म्हणाले तरच काढीन. इजहारभाई परवा दुपारी छापतेत. तेवढा एक फोन उचला.